पगडीचं दुसरं टोक

"ओढ ना दीदी! आज हातात जोर नाही का?"

गच्चीच्या त्या कडेला चन्नी उभा होता, या कडेला मी, आणि मधे त्याची लांबच्या लांब ओली पगडी. दोन कोपरे त्याच्या मुठीत, दोन माझ्या.

"माझ्या हातात जोर आहे. तूच आज ढिला उभा आहेस. काय झालंय?"

"काही नाही."

"काही नसलं की माणसाचे कान असे लाल होत नाहीत."

ज्यांच्या घरात पगडी नाही त्यांच्यासाठी सांगते. पगडी डोक्याला एकट्याने बांधता येते, पण त्याआधी तिची पूणी करावी लागते. म्हणजे कापडावर पाणी शिंपडायचं, दोन्हीकडून ताणायचं आणि ताण न सोडता उभ्या घड्या घालत त्याची पट्टी करायची. त्याला समोर दुसरं माणूस लागतं. दाराच्या कडीला टोक बांधून करणारेही आहेत नांदेडात, पण त्यांच्या डोक्याकडे पाहिलं की ही पूणी कडीने केलीय हे लगेच कळतं.

आमच्या घरी बीजी, म्हणजे आमची आई, होती तोवर आमच्या वडिलांच्या, बापूजींच्या पगडीचं दुसरं टोक तिच्या हातात असायचं. बीजी गेली आणि ते माझ्याकडे आलं. चन्नी, म्हणजे माझा धाकटा भाऊ हरचरण, पगडी बांधायला लागला तेव्हा त्याचंही मीच धरलं. मग रोज सकाळी आधी बापूजी, नंतर चन्नी. बापूजींच्या वेळी कुणी बोलायचं नाही. ते गुरुद्वाऱ्यातून येत, मला हाक मारत, पूणी होई, ते खाली जात. चन्नीच्या वेळी मात्र आमची अखंड बडबड. बारावीला गणितात गचकला ते मला पगडी ताणताना कळलं, वीज कंपनीत नोकरी लागली तेही. बापूजींना सांगायच्या आधी सगळं माझ्यापर्यंत यायचं, आणि मला त्याचा केवढा तोरा होता!

"दीदी, एक मुलगी आहे," चन्नी म्हणाला.

"नाव काय?" मी पहिलं तेच विचारलं.

"शिवलीला. शिवलीला हालगे. देगलूरची आहे. आमच्याच ऑफिसात बिलांकडे असते."

"लिंगायत?"

"हो." त्याने मान खाली घातली आणि पुन्हा वर केली. "तिच्या आईला माहीत आहे. वडिलांचं मी बघते म्हणाली. आपल्याकडचं तेवढं... तू सांग ना बापूजींना. तुझं ते ऐकतात."

माझं ऐकतात! मला हसायलाच आलं, पण हसले नाही. दुकानात कुठला रंग किती मागवायचा, पाहुण्यांना जेवायला काय करायचं, यात बापूजी माझं ऐकत. बीजीच्या मागे घर आणि दुकान दोन्ही मी ओढत होते, चौतिशीची झाले होते, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांच्याकडे स्वतःसाठी एकदाच काय ते मागितलं होतं.

"बघते," मी म्हणाले.

"बघते म्हणजे?"

"म्हणजे बघते. घडी घाल नीट, चुणी पडतेय."

चुणीबिणी काही पडत नव्हती. माझ्याच पोटात दुखायला लागलं होतं. ही कोण देगलूरची, बिलांवर शिक्के मारणारी, आणि उद्या इथे माझ्या जागी उभी राहणार!

*

आमचं दुकान गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पाटीवर 'मेहताबसिंग पगडीवाले' असं बापूजींचं नाव, आत छतापर्यंत रंगारंगाचे तागे. त्याच आठवड्यात दुपारी एक मुलगी पायऱ्या चढून आली. सावळी, ठसठशीत, खांद्याला ऑफिसची पर्स. बापूजी जेवायला घरी गेले होते, ही वेळ तिने विचारूनच साधली असणार.

"पगडीचं कापड दाखवता का?" म्हणाली. "डाळिंबी रंगात."

"कुणासाठी?"

"तुमच्या भावासाठी," ती म्हणाली आणि हसली. "ताई, मी शिवलीला."

बाई गं! मी मनातल्या मनात चारदा तिला दुकानातून हाकललं होतं, पण ती अशी समोर येऊन हसेल असं धरलं नव्हतं. आणि दीदी नाही, ताई म्हणाली. त्याचाही मला राग आला. दीदी म्हणाली असती तर त्याचाही आला असता.

"बस," मी म्हणाले.

"ते म्हणाले, ताईंना भेटल्याशिवाय पुढचं काही बोलायचं नाही."

ते! माझ्या चन्नीचा 'ते' झाला होता. ज्याचं नाक मी परकराला पुसलं तो आता 'ते'!

मी डाळिंबी तागा काढला. चांगलं व्हॉइल होतं, हाताला लागायचं नाही इतकं मऊ. कापड फाडलं, आणि मला दुर्बुद्धी म्हणा की काय म्हणा, ते टोक मी तिच्यासमोर धरलं. "हे घे. धर. पगडीवाल्याच्या घरात यायचं तर हे यायला हवं. येतं का?"

मला वाटलं होतं, ही पदर धरतात तसं चिमटीत धरेल, मी एक हिसका देईन आणि टोक सुटून काउंटरवर पडेल. तिने पर्स खाली ठेवली. दोन्ही कोपरे तळहातात घेतले, अंगठे आत दाबले, एक पाऊल मागे टाकलं आणि ताण दिला. ताण असा की मलाच पुढे सरकावं लागलं. मग माझ्याकडे न बघता तिने बरोबर माझ्याच वेळेला पहिली घडी घातली.

"कुठे शिकलीस?" माझा आवाज मलाच कोरडा लागला.

"आमचे आजोबा पटका बांधायचे. गुलाबी. रोज सकाळी दुसरं टोक माझ्याकडे. भावांना धरू द्यायचे नाहीत, म्हणायचे शिवूचाच हात लागतो." ती कापडाकडे बघत होती. "ते गेले तेव्हापासून सकाळी हात उगाच मोकळे मोकळे वाटतात."

वाटत होतं, जगात हे काम मला एकटीलाच येतं, आणि हिलाही येत होतं. वर हिला ते आवडतही होतं. माझा असा जळफळाट झाला की काय सांगू. न येणारी असती तर मी शिकवलं असतं, मिरवलं असतं, वर्षभर तरी चन्नीने मलाच हाक मारली असती.

"कोपरा आत दाबायचा नाही," मी म्हणाले. "घडी जाड होते."

घडी काही जाड झाली नव्हती. ती मात्र मुकाट "बरं ताई" म्हणाली, आणि जाताना वाकून पाया पडली. तेही मला खटकलं. भांडायला काही जागाच ठेवत नव्हती बया.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर चन्नीचं तोंड कानापर्यंत फाकलेलं. "तिला येतं ना? सांग ना, तुझ्याएवढं येतं ना?"

"बरं येतं," मी म्हणाले.

"मग बापूजींशी बोललीस?"

"बोलते म्हटलं ना! दर दिवशी तेच!"

*

मी का टाळत होते ते आता सांगते.

बाराएक वर्षांपूर्वी माझ्याही बाबतीत असंच झालं होतं. मुलगा माझ्या कॉलेजातला होता, मराठी, मास्तर व्हायचं म्हणत असे. त्याच्या घरात कुणी पगडी बांधत नव्हतं, तरी दर पंधरवड्याला आमच्या दुकानात येऊन मीटरभर कापड घेऊन जायचा. एवढ्या कापडाचं करतोस काय, मी एकदा विचारलं. म्हणाला, आईने त्याचे सगळ्या खिडक्यांना पडदे केले, आता खिडक्या संपल्या. त्याचं नाव मी आमच्या घरात कधी काढलं नाही, इथेही एवढ्यात नको.

एका दुपारी हिय्या करून मी बापूजींना सांगितलं. ते गजाने कापड मोजत होते.

"बापूजी, मला एक मुलगा आवडलाय."

"आपला आहे?"

"नाही."

"मग पुढचं नको," ते म्हणाले, आणि मोजत राहिले. ना ओरडले, ना हात उगारला. मोजणं चुकलंसुद्धा नाही त्यांचं.

बीजीने रात्री मला जवळ घेतलं आणि म्हणाली, आपल्यात चालत नाही बेटा, गुरूचं घर आहे. मी ते मानलं. अगदी खरं सांगते, मानलं. धर्माचं आहे, म्हणजे कुणाच्याच हातात नाही, बापूजींच्याही नाही, असं मी मनाला समजावलं. नंतर आपल्यातली दोन स्थळं आली, मी नको म्हटलं. तिसरं आलं तेव्हा बीजी आजारी होती. मग बीजी गेली, आणि माझ्या लग्नाचा विषयच निघेनासा झाला. मी तागे लावत राहिले, पगड्या ताणत राहिले.

आता कळेल मी कुठे अडकले होते ते. बापूजींनी चन्नीलाही तोंडावर नाही म्हटलं, तर मला मिळालेलं 'नाही' हे खरंच धर्माचं होतं, मी उगाच रडले नाही, उगाच थांबले नाही. आणि हो म्हटलं तर? तर मग माझ्या त्या सगळ्या वर्षांचं काय? चन्नीचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं, माझ्या हातावर वाढलेला पोरगा तो. पण बापूजींनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं, त्याला मी काय करू?

*

शेवटी बोलले ते गच्चीवरच, बापूजींच्या निळ्या पगडीची पूणी करताना. आमच्या त्या वेळेत कुणी बोलत नसे, म्हणून माझा आवाज फारच मोठा वाटला.

"बापूजी, चन्नीला एक मुलगी आवडलीय."

त्यांचे हात थांबले. "आपली आहे?"

"नाही."

मी माझं टोक घट्ट धरलं. आता येणार, पुढचं नको. ते शब्द मी इतक्या वर्षांत इतक्यांदा आठवले होते की माझ्याच तोंडातून बाहेर पडतात की काय असं झालं.

बापूजींनी माझ्याकडे पाहिलं. "नाव काय मुलीचं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"निरो, नाव काय म्हटलं?"

"शिवलीला."

"शिवलीला," ते म्हणाले. एकदा नुसतं चाखल्यासारखं. "चांगलं आहे. कुणाची? कुठली?"

मी सांगितलं. देगलूर, लिंगायत, वडील शाळेत होते, आता शेती बघतात, मुलगी नोकरी करते. ते प्रत्येकाला हं, हं करत होते, आणि मला वाटत होतं, हा माणूस कोण आहे? माझा बाप आहे ना हा?

"गुरूला मानेल? नावापुढे कौर लावेल?"

"लावेल म्हणते."

"मग झालं. गुरुद्वाऱ्यातल्या भाईजींशी मी बोलतो." त्यांनी पुन्हा घडी घातली. "सून घरात येते, निरो. आली की आपलीच होते."

"आणि मुलगी?"

"काय?"

"काही नाही. ओढा."

दोन मिनिटांत झालं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढंच होतं तर! चन्नी जिन्यात कान लावून बसला होता, तो धावत आला आणि मला उचलून गरागरा फिरवलं. "दीदी, तू जिंकून दिलंस!" मी त्याच्या पाठीवर धपाटे घालत होते, हसतही होते. त्याला काय माहीत! मी कॉलेजात होते तेव्हा हा चौथी-पाचवीत गोट्या खेळत होता.

*

लग्नाची तयारी सुरू झाली आणि बापूजींनी मला रोज नवा धक्का दिला.

शिवलीलाच्या आईचा निरोप आला की मुलीच्या गळ्यात लिंग आहे, ते ती उतरवणार नाही, त्यावर अडत असेल तर आत्ताच सांगा. मी बापूजींना निरोप सांगितला तेव्हा माझ्या मनात पुन्हा ते जुनं भूत उठलं. आता तरी म्हणतील, आता तरी अडतील. बापूजी दाढीवरून हात फिरवत बसले, मग म्हणाले, "दुपट्ट्याखाली राहील. तिच्या आईबापाने घातलेलं आहे, आपण कोण उतरवायला सांगणारे?"

आपण कोण! मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक अशी तिंबली की परात ओट्यावरून सरकत सरकत भिंतीला लागली.

त्या मुलीचा मला किती हेवा वाटत होता हे मी कशाला लपवू? तिच्या रूपाचा नाही, नोकरीचा नाही. तिने मागितलं आणि तिला मिळालं, याचा. वर तिला मागावंही लागलं नाही, मागायला मला पाठवलं. ती घरी यायची, बापूजींना चहा करून द्यायची, बापूजी तिला 'पुत्तर' म्हणायचे. मी भांडी आपटायचे. एकदा ती म्हणाली, "ताई, माझं काही चुकतंय का?" मी म्हणाले, "तुझं कुठे काय चुकतंय, तेच तर!" बिचारी बघत राहिली. तिला बिचारी म्हणवत नव्हतं मला, पण होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी बापूजींची पगडी आधी झाली, रोजच्यासारखी, न बोलता. मग चन्नी वर आला. पांढरी शेरवानी, केस नुकते विंचरून वर बांधलेले, हातात तेच डाळिंबी व्हॉइल. खाली गाड्या उभ्या होत्या, पाहुणे चहा पीत होते. बापूजी जिन्याच्या तोंडाशी थांबले होते, मुलाला पगडी बांधताना बघायचं म्हणून.

चन्नीने कापड ओलं केलं, त्याचं टोक धरलं आणि दुसरं माझ्याकडे टाकलं. मी ते झेललं नाही. खुर्चीवर पडलं.

"दीदी?"

मी टोक उचललं, बापूजींकडे चालत गेले आणि त्यांच्यासमोर धरलं. "आज तुम्ही धरा."

"मी?" बापूजी म्हणाले. "मला कुठे येतं? मी कधी धरलंय?"

खरंच होतं ते. जन्मभर त्यांच्यासाठी कुणीतरी धरलं होतं. आधी त्यांची आई, मग बीजी, मग मी. त्यांनी दुसऱ्याचं टोक कधी हातात घेतलं नव्हतं.

"येईल. मलाही पुष्कळ काही येत नव्हतं."

"निरो, खाली लोक खोळंबलेत. हा काय वेळ आहे..."

"हीच वेळ आहे." माझा आवाज चढला, आणि मी तो चढू दिला. "बापूजी, तुम्ही शिवलीलाचं नाव विचारलंत. मी सांगितलं, आपली नाही, तरी तुम्ही म्हणालात, नाव काय. बरोबर केलंत. चन्नीचं भलं झालं, मला आनंद आहे. पण माझ्या वेळी तुम्ही नाव विचारलं नव्हतं. हो म्हणायचं नव्हतं तर नसतं म्हणायचं. नाव तरी विचारायचंत!"

खाली कुणीतरी मोठ्याने हसलं.

"कुणाचं नाव?" चन्नी म्हणाला. "दीदी, कुणाचं नाव? काय झालं होतं?"

"तू ताठ उभा राहा," मी त्याला म्हणाले. "उशीर होतोय."

बापूजींनी माझ्या हातातून टोक घेतलं. कोपरे कसे धरायचे तेही त्यांना कळेना, आणि मी दाखवलं नाही, हाताची घडी घालून उभी राहिले. चन्नी ओढायचा तर यांच्याकडून ढिलं, हे ओढायचे तर चन्नीची घडी निसटायची. मला वाईट वाटत होतं का? वाटत होतं. तरी मी पुढे झाले नाही. कशीतरी पट्टी झाली. चन्नीने पगडी बांधली, आरशात पाहिलं, डाव्या कानावर एक तिरकी चुणी आली होती. दोनदा सोडून बांधली तरी गेली नाही.

"राहू दे," तो म्हणाला. आरशातून तो माझ्याकडे बघत होता. "अशीच जाऊ दे, दीदी."

*

गुरुद्वाऱ्यात आनंद कारज, म्हणजे आमच्यातला लग्नविधी, झाला. चार फेऱ्यांच्या आधी मुलीचा बाप नवऱ्याच्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक मुलीच्या हातात देतो, तशी आमच्यात रीत आहे. शिवलीलाचे वडील गुलाबी पटका बांधून आले होते. ते उठले, चन्नीच्या उपरण्याचं टोक घेतलं, लेकीच्या हातात दिलं आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटली. मी बायकांत बसून बघत होते. तिने ते टोक धरलं, अंगठे आत दाबून, दुकानात धरलं होतं तसं. आता ते कायमचं गेलं माझ्याकडून. एकीकडे रागी गात होते आणि मी ओढणीने डोळे पुसत होते. शेजारची मावशी म्हणाली, "बहिणीला सुख झालंय." म्हटलं, हो मावशी.

संध्याकाळी घरी आल्यावर शिवलीला माझ्या खोलीत आली. दार लोटून हळूच म्हणाली, "ताई, आज पगडी तुम्ही धरली नव्हती ना?"

एवढी तीनशे माणसं जेवून गेली, कुणाला ती चुणी दिसली नव्हती. दिसली ती हिला.

"नाही," मी म्हणाले. "बापूजींनी धरली."

तिने का म्हणून विचारलं नाही. माझ्याशेजारी गादीवर बसली.

"उद्यापासून तू धर," मी म्हणाले. म्हणताना जीव तुटलाच, पण म्हणाले. "आणि कोपरे आत दाब. तुझंच बरोबर आहे. माझ्यापेक्षा बरं येतं तुला."

"तुमच्याएवढं येतं," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला. वरून गच्चीवरून त्या दोघांचं हसणं ऐकू येत होतं. चन्नी म्हणत होता, ओढ ना, आणि ती म्हणत होती, तुम्हीच ढिले उभे आहात. मी साखरेचा डबा जोरात बंद केला. पुन्हा उघडला, कारण साखर घालायची राहिली होती.

बापूजी गुरुद्वाऱ्यातून आले. रोज ते सरळ वर जात आणि तिथून मला हाक मारत. त्या दिवशी हाक आली नाही. मी मागे वळले तर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, डोक्याला छोटं फडकं गुंडाळलेलं, हातावर निळी पगडी, ओली. तिचं पाणी फरशीवर टपटपत होतं.

"निरो," ते म्हणाले. "काय नाव होतं त्याचं?"

मी ओट्याला टेकले. इतकी वर्षं हे नाव मी जिभेखाली धरलं होतं, आणि आता ते वर येईना.

"गोविंद," मी म्हणाले. "गोविंद कानगुले."

बापूजींचा चेहरा असा झाला की मला गॅस बंद करून त्यांच्याजवळ जावं लागलं. आत्ताच तर ते गुरूंच्या दरबारातून आले होते. रोज पहाटे हात जोडून ज्या दहाव्या गुरूंचं नाव घ्यायचे, ज्यांच्या चरणाशी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नांदेडात राहिलो, त्यांचंच नाव. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

"गोविंद," ते म्हणाले. "काय करतो?"

"किनवटला शाळेत शिकवतो. दोन मुली आहेत त्याला."

"चांगला होता?"

"चांगला होता, बापूजी."

त्यांनी मान हलवली. मग पगडी उलगडली आणि एक टोक माझ्यापुढे केलं, दोन्ही हातांनी, भाईजी प्रसाद देतात तसं. मी लगेच घेतलं नाही. थोडं उभं राहू दिलं त्यांना. मग ओढणीला हात पुसले आणि धरलं.

तिथेच, स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत, आम्ही पूणी केली. ते ताणत होते, मी घड्या घालत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पूणी करताना बोलत होते. दुकानात यायचा का तो? यायचा. कुठे बसायचा? बसायचा नाही, कापड घेऊन जायचा. एवढ्या कापडाचं करायचा काय? मी पडद्यांचं सांगितलं, सगळ्या खिडक्यांना पडदे झाले आणि खिडक्या संपल्या ते. बापूजी हसले आणि हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले.

पट्टी तयार झाली. मी माझं टोक त्यांच्या हातात द्यायला पुढे गेले, पण त्यांनी ते घेतलं नाही. स्वतःचं टोक धरून तसेच उभे राहिले.

"अजून सांग," म्हणाले.